वापरणारे किती?

चूक माझीच. घरोघरी जाऊन गिझर दुरुस्त करायच्या आमच्या धंद्याचा हिशेब संगणकावर नेताना ‘वापरणारे किती?’ या प्रश्नापुढे मी ‘एक’ लिहिलं. दुसऱ्या नावाचे जादा पैसे पडत होते. आजवर हिशेब ठेवायची ती माझी बायको.

काल ती पासवर्ड मागणाऱ्या पडद्यासमोर बसली होती. पदराने पडदा पुसत म्हणाली, “हे मला आत घेत नाही हो.” मग हसली, “बरंय, सुटले मी!” पण उठली नाही.

जवळचं माणूस मोजायचं राहूनच जातं. आपण त्याला आपल्यातच धरलेलं असतं. हे तिला कसं सांगायचं, कळेना. खुर्ची ओढून शेजारी बसलो.

“सुनंदा, तुला विचारलंसुद्धा नाही. माझं चुकलं,” एवढंच म्हणता आलं.