गेरू लावलेली मेंढरं

निंबर्ग्याच्या शाळेत मी मास्तर होतो, तेव्हाचा सिद्धाप्पा धनगर मला आठवतो. हट्टी माणूस. पण त्याचा हिशेब मूर्खाचा नव्हता, हे आधीच सांगतो.

त्याची शंभर मेंढरं. पेरणीआधी ती लोकांच्या रानात रात्र रात्र बसवायची, लेंड्यामुताचं खत व्हायचं, त्याबदल्यात ज्वारी मिळायची. बापापासूनचा धंदा. पुढं सरकारी सबसिडीमुळं डीएपी या रासायनिक खताचं पोतं इतकं स्वस्त झालं, की मेंढरं बसवायला लोक पूर्वीच्या निम्मी ज्वारीही देईनात. गावातला मोठा शेतकरी वीरभद्रप्पा तर हसून म्हणाला होता, "तुझ्या लेंड्या आता तूच ठेव." सिद्धाप्पानं ठरवलं, मेंढरं विकायची आणि खताचं दुकान टाकायचं. सुभद्राबाईनं, त्याच्या बायकोनं, आठ दिवस अबोला धरला.

हुमनाबादच्या व्यापाऱ्यानं इसार दिला आणि विकल्याची खूण म्हणून मेंढरांच्या पाठीवर गेरूचे पट्टे ओढले. शुक्रवारी गाडी यायची होती. त्याच आठवड्यात, ब्याण्णवच्या ऑगस्टात, डीएपीवरची सबसिडी उठल्याचं रेडिओनं सांगितलं. पोत्याचा भाव एकदम भडकला. गुरुवारी वीरभद्रप्पा दारात हजर.

"सिद्धाप्पा, रानात मेंढरं बसवतूस का? पंधरा एकर हाय."

तो गेल्यावर सुभद्राबाई बोलली, "इसार वापस करा. गेरू मी धुते."

"गेरू जाईल. पर त्यो माणूस माझ्या शब्दावर गाडी करून यायलाय."

मेंढरं गेली. मला त्याचा राग आला होता, आजही थोडा आहे. दुकान मात्र त्यानं टाकलं नाही. "सरकारनं हात काढला की ज्याचा भाव असा पळतंय, त्यात मी घर कामून घालू?" म्हणाला. त्याच पैशांतून चाळीस मेंढरं घेतली. खत महागल्यानं मेंढरांचेही भाव वाढले होते, त्यामुळं तेवढीच आली.

वीरभद्रप्पा पुन्हा आला. या खेपेला त्यानं ज्वारी दुप्पट बोलली.

सिद्धाप्पाचं स्वतःचं तीन एकर मुरमाड रान होतं. मेंढरांची प्रत्येक रात्र ज्वारीसाठी दुसऱ्याच्या रानात जायची, त्यामुळं आपल्या रानाची पाळी कधी आलीच नव्हती. बापाच्या हयातीतही नाही.

"बसवतो अण्णा," तो म्हणाला, "पर आदी माझ्या रानात."

वीरभद्रप्पा ओट्यावर बसला आणि आपली पाळी कधी येईल ते विचारू लागला.