अप्पा स्वर्गात जाऊन आले

माझे अप्पा स्वर्गात जाऊन आले ते पित्ताशयातले खडे काढायला कुंभकोणमच्या एका दवाखान्यात दाखल झाले तेव्हा. सकाळी लवकर ऑपरेशन झालं. दुपारी त्यांना खोलीत आणलं, तेव्हा डोळे उघडून ते म्हणाले, "मी वर जाऊन आलो गं."

ऑपरेशनची खोली दुसऱ्या मजल्यावर होती, तिथून खाली आणलं तेच सांगतायत असं मला वाटलं. पण ते पुढे सांगत गेले. लख्ख उजेड होता. सनईसारखं नादस्वर वाजत होतं. मोगऱ्याचा वास, तुपाचा वास. पांढऱ्या कपड्यांतली माणसं ओळीनं बसली होती आणि उघड्या अंगाचा एक तेजस्वी पुरुष बादली घेऊन त्यांना काही वाढत चालला होता. अप्पांना फार तहान लागली होती. त्यांनी मागितलं, तर कानाशी बाईचा आवाज आला, "अजून नाही. नंतर." मग सगळा अंधार.

"स्वर्गात तुम्हांला कोण घेतंय?" आई म्हणाली. "सगळी नोकरी मोजणी खात्यात गेली. निम्म्या तालुक्याची कुंपणं सरकवलीत."

"म्हणूनच परत पाठवलं असेल," अप्पा म्हणाले. खूश दिसत होते फार.

घरी आल्यावर बातमी आमच्या गल्लीभर झाली. लोक आधी आजाऱ्याला भेटायला आले, मग स्वर्गाबद्दल विचारायला. फळं आली, तांदळाच्या शेवयांचं इडिअप्पम आलं. पलीकडच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "केवढा असेल हो स्वर्ग?" अप्पांनी प्रामाणिकपणे विचार केला. "मोजणीची साखळी बरोबर नेली नव्हती. दिसला तेवढा अर्धा एकर. पुढे असेलही."

मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. सगळे गेल्यावर म्हटलं, "अप्पा, ते भुलीत दिसलं तुम्हांला."

"भुलीत दिसलं म्हणजे नव्हतंच, हे तुला कसं कळलं?"

आलेली फळं रागारागानं उचलून मी आत निघून गेले.

चौथ्या दिवशी एक गृहस्थ आले. त्यांना सगळे अण्णा म्हणत. गावोगाव सत्संग भरवायचे, स्वर्ग पाहून आलेल्या माणसांची भाषणं ठेवायचे आणि भाषण संपलं की दाराशी त्यांची माणसं लाल दोऱ्यात ओवलेली तांब्याची स्वर्गकवचं विकायची. त्यांचा पहिला प्रश्न होता, "सार, तुमचं हृदय किती मिनिटं बंद होतं?"

"बंद? छे! डॉक्टर म्हणाले, घोड्यासारखं चाललंय."

"अकरा मिनिटं म्हणू या," अण्णा वहीत लिहीत म्हणाले.

अप्पा हो म्हणाले नाहीत, पण नाहीही म्हणाले नाहीत. दोन दिवसांत पत्रकं छापून आली. पुढच्या रविवारी शेजारच्या सुंदरपेरुमाळ कोयिल गावात सभा, वर अप्पांचा फोटो आणि डोक्यामागे सोनेरी वलय. मी ते पत्रक त्यांच्यासमोर आपटलं. त्यांनी चष्मा लावून नीट पाहिलं. "वलय बरं दिसतंय की!"

"अप्पा, लोक तुमच्या तोंडाकडे बघून ती कवचं घेणार."

"मी खोटं कुठे बोललो? दिसलं ते सांगितलं. अकरा मिनिटं तो म्हणाला."

आई आतून म्हणाली, "आणि तुम्ही ऐकून घेतलंत."

आमच्या गल्लीच्या टोकाला एक मामी, म्हणजे साऱ्या गल्लीच्याच मामी, राहायच्या. त्यांचे यजमान बसचे कंडक्टर होते, गळ्यातली शिट्टी मारून बस सोडायचे; आदल्या वर्षी वारले. एका दुपारी त्या आल्या आणि ओट्यावर बसून पदराचं टोक पिळू लागल्या. मग म्हणाल्या, "सार, त्या ओळीत आमचे हे होते का? जरा ठेंगणे. डाव्या भुवईवर वण."

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "तोंडं नीट दिसली नाहीत, मामी." मामींचा चेहरा पडला तशी ते घाईनं म्हणाले, "पण असतील. असावेत."

मामी रडल्या, हसल्या, अप्पांच्या पाया पडल्या. दोनच दिवसांनी त्या पुन्हा आल्या तेव्हा त्यांच्या गळ्यात तांब्याचं कवच होतं. अण्णांनी त्यांना सांगितलं होतं, हे घातलं की तुमची जागा यजमानांच्या शेजारीच धरलेली राहते. मामी गेल्यावर अप्पांनी कॉफीचा पेला तसाच खाली ठेवला.

सभेच्या आदल्या दिवशी टाके काढायला आम्ही दवाखान्यात गेलो. दुसऱ्या मजल्यावर, ऑपरेशननंतर रोग्यांना ठेवतात त्या खोलीबाहेरच्या बाकावर बसलो होतो. एकाएकी नादस्वर सुरू झालं. पाठोपाठ तवील ढोल कडाडला. खोलीच्या दारासमोरच्या खिडकीतून मोगऱ्याचा वास आला आणि कुणीतरी ताजं तूप कढवत असल्याचा.

अप्पा उठून खिडकीपाशी गेले. शेजारी लग्नाचं कार्यालय होतं, आणि त्याचा वरचा भोजनमंडप आमच्या खिडकीच्या बरोबर समोर. दिव्यांचा लखलखाट. पांढऱ्या वेष्ट्या नेसलेली मंडळी केळीच्या पानांवर ओळीनं जेवत होती. उघड्या अंगाचा, घामानं चमकणारा एक वाढपी बादली घेऊन पंगतीतून चालला होता.

त्याच वेळी मागच्या खोलीतून एक रोगी कण्हला, "पाणी..." आणि नर्सचा आवाज आला, "अजून नाही. नंतर."

अप्पांनी माझ्याकडे वळून पाहिलं. आधी त्यांचे खांदे हलले, मग पोट. दोन्ही हातांनी टाके दाबून धरत ते बाकावर बसले आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. नर्स धावत आली. तिला वाटलं, दुखतंय. "स्वर्ग!" खिडकीकडे बोट दाखवत ते एवढंच म्हणाले. मीही हसत सुटले. कितीतरी दिवसांनी आम्ही दोघं असे एकत्र हसलो.

खाली उतरताना म्हटलं, "आता अण्णांना फोन करून सभा नको म्हणून सांगा."

"नको कशाला? लोक येणार आहेत. मी जाणार."

रविवारी मंडप भरला होता. मामी पहिल्या रांगेत होत्या. अण्णांनी ओळख करून देताना हृदय सतरा मिनिटं बंद ठेवलं. अप्पा माइकसमोर उभे राहिले आणि मोजणीचा अहवाल वाचावा तसे सरळ सांगू लागले. कुठलं ऑपरेशन, कुठली खिडकी, कुठलं कार्यालय, कोण काय म्हणालं. "हृदय एक क्षणही थांबलं नव्हतं. मी स्वर्गात गेलो नव्हतो. मी दुसऱ्या मजल्यावर होतो."

अण्णा माइककडे झेपावले. तेवढ्यात मागून एका शेतकऱ्यानं मोठ्यानं विचारलं, "सार, लग्न कुणाचं होतं?"

"ते विचारायचं राहिलंच," अप्पा म्हणाले, आणि सगळा मंडप हसला.

अण्णा परमेश्वराच्या परीक्षेबद्दल काहीतरी बोलत राहिले. दाराशी बरेच जण कवचं परत द्यायला उभे होते. सगळेच नाही. एका बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं की, बरोबर त्याच वेळी लग्न असणं हीसुद्धा देवाचीच योजना. महिनाभरात अण्णांचं नवं पत्रक आलं. या वेळी स्वर्ग पाहून आलेला माणूस तंजावरच्याही पलीकडचा होता.

त्या रविवारी परतताना मामी आमच्याच रिक्षात होत्या. वाटेतलं स्वामीमलै मागे पडलं. मग अप्पा म्हणाले, "मामी, मी तुम्हांला 'असावेत' म्हणालो. म्हणायला नको होतं. मला माफ करा."

मामी बाहेरची भातशेतं बघत होत्या. "मला थोडं कळलं होतं, सार. आमचे हे ओळीत गप्प बसणारे नव्हतेच. पण वर्षभरात त्यांच्याबद्दल मला कुणी काही विचारलं नाही. तुमच्याकडे निदान त्यांचं नाव तरी निघालं."

"मग आता सांगा की," अप्पा म्हणाले. "कसे होते?"

मामी आमच्याकडे वळल्या. "झोपेतही बसवरच असायचे. रात्री कूस बदलली की ओरडायचे, 'पोलाम, रैट! चला, चला!' एकदा मला हलवून म्हणाले, 'अम्मा, पुढे सरका, आत भरपूर जागा आहे.' मी सरकले, ती पलंगावरून थेट खाली!"

रिक्षावालासुद्धा हसला. अप्पांनी पोट धरलं, "थांबा मामी, थांबा, दुखतंय," म्हणाले, आणि श्वास घेऊन लगेच विचारलं, "मग? त्यांना जाग आली की नाही?"

"छे हो," मामी म्हणाल्या. "मी पडल्यावर शिट्टी मारली त्यांनी."