लेकीचे पिवळे डोळे

मागच्या आठवड्यात आम्ही दोघं नवरा-बायको नायगावहून लातूरला गेलो होतो. लेकीला, श्रुतीला, दवाखान्यात दाखवायला. ती तिथं होस्टेलवर राहून बारावी आणि नीटची तयारी करते.

टेस्ट सिरीज सुरू झाली आणि तिचे डोळे पिवळसर दिसायला लागले. रक्त तपासलं तर काविळीत वाढतं ते बिलिरुबिन थोडंसं वाढलेलं... बाकी सगळं नॉर्मल. कुणी कावीळ म्हणालं, कुणी झाडपाल्याचं औषध सुचवलं. पोरगी तेल-हळद सोडून उकडलेलं खाऊ लागली, तेही अर्धपोटी. पुन्हा तपासलं, तर आणखी वाढलेलं.

"घरी घेऊन येऊ तिला. जीव राहिला तर शिकणं कधी बी होतंय," माझे मिस्टर म्हणाले. श्रुती फोनवर रडली नाही, नुसतं "बरं" म्हणाली... त्याचाच मला जास्त त्रास झाला.

मी लिव्हरच्या स्पेशालिस्टची चौकशी करत सुटले. कुणी हैदराबाद सांगे, कुणी पुणे. शेवटी नांदेडला नर्स असलेल्या माझ्या मामेबहिणीनं लातूरच्याच एका पोटविकारतज्ज्ञांचं नाव दिलं.

डॉक्टरांनी सगळे रिपोर्ट पाहिले, सोनोग्राफी केली, रक्ताच्या आणखी तपासण्या करून घेतल्या. मग म्हणाले, "लिव्हर एकदम चांगलं आहे. याला गिल्बर्ट सिंड्रोम म्हणतात. जन्मजात असतं, त्यानं काही अपाय होत नाही. उपाशी राहिलं, जागरण झालं, ताण आला की डोळे पिवळे दिसतात. औषधाची गरज नाही, नीट जेवत जा."

मी सुटकेचा निःश्वास टाकला, तोवर त्यांनी विचारलं, "घरात अजून कुणाला असं होतं का?"

तेव्हा मिस्टरांनी सांगितलं... नांदेडला इलेक्ट्रिकल डिप्लोमाला असताना ऐन परीक्षेत त्यांचेही डोळे पिवळे झाले होते. लिव्हर गेलं म्हणून माझ्या सासऱ्यांनी गावी आणलं, ते परत पाठवलंच नाही. तेव्हापासून जळालेल्या मोटारी दुरुस्त करायचं, मोटर रिवाइंडिंगचं दुकान. मला एवढंच माहीत होतं की यांनी शिक्षण अर्धवट सोडलं.

डॉक्टरांनी त्यांचंही रक्त तपासायला लावलं. संध्याकाळी रिपोर्ट आला. लेकीसारखाच.

"म्हंजे मला तेव्हा काहीच झालं नव्हतं का, साहेब?"

"बहुतेक हेच होतं," डॉक्टर हळूच म्हणाले.

मिस्टर बाहेर येऊन बाकावर बसले, चष्मा काढून पुसत राहिले. श्रुती जवळ जाऊन बसली, तेव्हा तिला म्हणाले, "तू हितंच राहा. कुणी काय बी म्हणू दे, मी न्यायला येत न्हाई."

परतीच्या बसमध्ये ते खिडकीबाहेर पाहत होते. त्या सुटलेल्या शिक्षणावर बोलायला त्यांना वेळ लागेल. लेकीची वाट मात्र मोकळी राहिली. त्या डॉक्टरांनी घरच्यांबद्दल आपणहून विचारलेल्या एका प्रश्नासाठी मी त्यांची कायम ऋणी राहीन.