आबांचं इंजिन काढायचं होतं

सांगलीच्या आमच्या दोन खोल्यांत भिंतीवरची एक पूर्ण फळी आणि कॉटखालची सगळी जागा आगगाड्यांनी व्यापली होती. चावीच्या, पत्र्याच्या, खेळण्यातल्या आगगाड्या. मी कॉलेजच्या पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत नोकरीला होतो. मेढ्याकडच्या आमच्या गावातला मी पहिला पदवीधर, आणि हा पदवीधर रविवारी फरशीवर बसून पत्र्याच्या इंजिनाला तेल घालतो, हे गावात कुणाला सांगायची सोय नव्हती.

नाद मिरज स्टेशननं लावला. रुंद रूळ नवे आले तेव्हा तिथं रुंद, मध्यम आणि अरुंद अशा तिन्ही रुंदीचे रूळ होते. एका रुंदीचा डबा दुसऱ्या रुंदीच्या रुळावर चालत नाही, त्यामुळे माणसं, पोती, कोंबड्यांचे खुराडे, सगळं एका गाडीतून उतरायचं आणि दुसरीत चढायचं. मी तासन्‌तास बघत बसायचो. पुढं नोकरी लागली, हातात थोडे पैसे खेळू लागले आणि मी जुन्या बाजारातून, कुणाच्या माळ्यावरून अशा गाड्या गोळा करू लागलो. मला आवड आहे हे कळल्यावर लोकही आणून देऊ लागले. मला नाही म्हणता येत नसे.

मग माझ्या घराचं मिरज झालं. दोन ट्रंकांवर मी एक लांब फळी टाकली होती आणि तिच्यावर लहान रुंदीचे रूळ गोल जोडून, पुठ्ठ्याचं स्टेशन करून मांडणी केली होती. त्या रुळावर एक इंजिन आणि चार डबे एवढंच चालायचं. बाकी सगळ्या गाड्या वेगळ्या रुंदीच्या. त्या नुसत्या पुसायच्या. रविवार पुसण्यात जायचा आणि मांडणीवर धूळ बसायची.

बायको एकदा म्हणाली, "आवं, फडकं मारून मारून रंग गेला त्यांचा. एक तरी फिरवता का कवा? आमच्याकडं पाहुण्यांची भांडी अशीच असायची. पाहुणा आला तरी काढायची न्हाईत."

ती हसत म्हणाली, पण ते लागलं. फळीवर जे चालतं तेवढं ठेवायचं, बाकीचं देऊन टाकायचं, असं मी ठरवलं. बरंचसं सोपं गेलं. कॉलेजमधल्या एकाच्या पोरींना तीन डबे, घरमालकांच्या नातवाला मालगाडी. प्रत्येक वेळी देताना जिवावर यायचं आणि दुसऱ्या दिवशी आठवणही राहायची नाही. शेवटी उरलं आबांचं इंजिन.

आबा म्हणजे माझे वडील. ते फौजेत होते. मी लहान असताना कुठल्याशा छावणीतून त्यांनी ते ट्रंकेत घालून आणलं होतं. काळं, जड, मोठ्या रुंदीचं. त्याचे रूळ कधी आलेच नाहीत. शेणानं सारवलेल्या जमिनीत त्याची चाकं रुतायची. म्हणून ते कधी धावलं नाही. खंडेनवमीला खुरपी, कोयता, आबांचा फौजेतला पट्टा यांच्याबरोबर ते पाटावर बसायचं आणि आई त्याला हळदकुंकू लावायची. धुराड्याच्या खाचेतलं कुंकू मी कधी खरवडलं नाही. शिकायला घराबाहेर पडलो तेव्हा आबांनी आपल्या हातानं ते माझ्या पेटीत ठेवलं. माझं शिक्षण त्यांच्या पेन्शनवर झालं. असं इंजिन माणूस कुणाला देणार?

पण मागणारा होता. मिरजेत एक निवृत्त गार्ड राहायचे. त्यांच्या खोलीभर मोठ्या रुंदीचे रूळ पसरलेले असायचे. पाय ठेवायला जागा नाही, चहा दारात उभं राहून प्यायचा. त्यांच्याकडं माझ्या रुंदीचा एक सांधा होता, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवायचा तुकडा, आणि थोडे सरळ रूळ. आबांच्या इंजिनाच्या बदल्यात ते मिळाले तर माझी गाडी नुसती गोल गोल न फिरता बाजूच्या रुळावर जाऊन थांबली असती.

"प्रोफेसर," ते मला मुद्दाम प्रोफेसर म्हणायचे, "तुमच्या इंजिनाला रूळ नाही आणि तुमच्या रुळाला सांधा नाही. माझ्याकडं दोन्ही आहे. सोडवा गणित. पण लवकर. दिवाळीआधी मी मुलीकडं रत्नागिरीला चाललो, सगळं बांधून."

मी आबांना विचारायला गावी गेलो आणि दोन दिवस विचारलंच नाही. निघताना आबा मेढ्याच्या स्टँडवर आले. एस.टी. सुरू झाली तेव्हा खिडकीतून म्हणालो, "आबा, घरातल्या गाड्या जरा कमी करतोय. तुमचं इंजिन..."

"काढ की रं," आबा म्हणाले. "किती दिस पेटीत कोंडून ठिवणार?"

साताऱ्यापर्यंत मी अगदी हलका होतो. साताऱ्याला गाडी बदलली आणि शंका आली. आमच्याकडं बैल काढला म्हणजे विकला. पण पेटीतून लुगडं काढलं म्हणजे नेसायला बाहेर घेतलं. आबांनी विक म्हटलं की बाहेर काढून खेळ म्हटलं? 'कमी करतोय' हे एस.टी.च्या आवाजात त्यांना ऐकू तरी गेलं का? कराडपर्यंत मला वाटत होतं त्यांनी विक म्हटलं. पुढं वाटू लागलं की नाही. पुन्हा विचारावं तर त्यांना वाटणार, पोरगं टाकायलाच उतावीळ झालंय.

ते दिवस वाईट गेले. प्रयोगशाळेत मी विद्यार्थ्यांना चुकीची वजनं दिली. गार्डांचा निरोप दोनदा आला. बायको म्हणाली, "आवं, सरळ विचारा की. बाप हाय तुमचा, परीक्षेचा पेपर न्हवं."

त्यातच आबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन मिरजेला ठरलं. तेव्हा डोळ्याला पट्टी बांधून, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून माणसाला निजवून ठेवायचे. मी इंजिन पिशवीत घालून वॉर्डात घेऊन गेलो. बराच वेळ पायाशी बसलो.

"काय आणलंयस?" आबा म्हणाले. "मघापासनं पिशवी चिवडतोयस."

मी इंजिन त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते चाचपलं, धुराड्यावरनं बोट फिरवलं आणि मी काही म्हणायच्या आत चावी दिली. छातीवर चाकं गरगर फिरू लागली. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा उठून बसला.

सिस्टर धावत आल्या. "बाबा, मान हलवायची नाही. हे काय वाजतंय?"

"मान कुटं हलीवली? इंजान हलतंय."

त्या गेल्यावर मी विचारलं, "आबा, त्या दिवशी तुमी काढ म्हणालात. म्हंजे विक का?"

"विक? भाईर काढ म्हणलो मी. फिरीव म्हणलो."

तरी सगळं सांगितलं. रुंदीचं, सांध्याचं, गार्डांचं. आबा इंजिनाच्या चाकांवरनं बोट फिरवत राहिले. डोळ्यांवर पट्टी असल्यामुळे चेहऱ्यावरनं काही कळेना.

"तुज्या रुळावर बसतच न्हाई म्हण की."

"न्हाई बसत."

"आन त्येच्या?"

"बसंल. पण फिरंल का ते न्हाई सांगता येत."

"मग आदी बघायचं," आबा म्हणाले. "फिरलं तर दे. न्हाई फिरलं तर घरी आण, आन माझ्यासमोर पुन्यांदा द्यायचं नाव काढू नगं."

पट्टी सुटल्यावर त्यांना हिरव्या कापडाची झापड लावून मी टांग्यानं गार्डांकडं घेऊन गेलो. निम्मं सामान बांधून झालं होतं, पण रूळ अजून जागेवर होते. गार्डांनी आबांना दारात खुर्ची दिली. मी इंजिन रुळावर ठेवलं. चाकं बरोबर बसली. ते न फिरण्याची मला भीती होती, आणि फिरण्याची त्याहून जास्त.

चावी आबांनीच दिली. इंजिन जरा अडलं, मग निघालं. कॉटखालून, वळकट्यांमधून, खिडकीखालून. दुसऱ्या वळणावर ते कलंडलं, गार्डांनी ते उचलून परत ठेवलं. आबा एका डोळ्यानं बघत होते. मला वाटलं, आता हे म्हणणार, न्हाई देत. मीच म्हणालो, "आबा, ठेवूया का आपल्याकडंच?"

"आपल्याकडं कशाला? हितं बघ कसं पळतंय." मग ते गार्डांकडं वळले. "चावी पार कडंपातूर पिळू नगा. इस्प्रिंग जुनी हाय. आन नवमीला कुकू लावत जावा."

"लावीन," गार्ड म्हणाले आणि सांधा नि रूळ त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात दिले.

रविवारी मी सांधा बसवला. पुसायला काही उरलं नव्हतं. डोळा बरा होईतो आबा आमच्याकडंच होते, कॉटवर बसून. गाडी बाजूच्या रुळावर वळून स्टेशनाजवळ थांबली, तसे ते म्हणाले, "लय अलीकडं थांबली. माणसं फलाटावर उतराय नगंत? पुन्यांदा सोड."

मी पुन्हा चावी दिली.