त्यानं बाईंना सांगितलं, मला नाही

“ताई, तुला सांगितल्याबिगर मला झोप येत न्हाई,” असं माझा धाकटा भाऊ शाळेत असताना म्हणाला होता.

आज कारागृहात त्याला भेटून आले. मारामारीच्या गुन्ह्यात तो चार वर्षं आत आहे. पहिली काठी त्यानं उचलली नव्हती, असं मी सगळ्या सेनगावाला सांगत आले.

आज म्हणाला, “मीच उचलली होती, ताई. बाईंला सांगून टाकलं. आता तूबी लोकांला खरं सांग.”

या बाई आमच्या विहारातल्या, दर रविवारी कारागृहात धम्मवर्ग घ्यायला जातात. पंचशील म्हणताना खोटं न बोलण्याच्या शीलापाशी हा गप्प व्हायचा, ते त्यांनीच ओळखलं.

“मला काहून न्हाई सांगितलं?”

“तू रडली असतीस. त्या नुसत्या ऐकतात.”

तेव्हापासून मी बाईंवर जळतेय. आपलं माणूस दुसऱ्या कुणामुळं सुधारलं, तर तुम्हाला नुसता आनंदच होतो का?

बाई, तुम्हीही या ग्रुपवर आहात. पुढच्या महिन्यात सुटल्यावर तो विहारातच राहणार म्हणतोय. “त्याचं त्याला ठरवू द्या,” असंच तुम्ही म्हणाल. तरी त्याला नाही म्हणा, आणि माझ्याकडे पाठवा.