विमानाला केलेला हात

सकाळी चहाबरोबर पेपर उघडला आणि तो चेहरा दिसला. चिनी हवाई दलाचा एक बडा जनरल निवृत्त झाला होता. कुठली विमानं उडवली, कुठे कमांड सांभाळली, सगळी कारकीर्द छापली होती.

मला आठवलं ते एक दुपारचं जेवण. त्यांचं शिष्टमंडळ आमच्या हवाई तळावर आलं होतं. तो तेव्हा कर्नल होता, मी आपल्या हवाई दलात वैमानिक. मी त्याच्या शेजारी बसून गोड बोलायचं, एवढंच माझं काम. काही सुचेना, म्हणून विचारलं, घरी कोण असतं? दुभाषी म्हणाला, "आई. समुद्राकाठच्या गावात." तेवढ्यात कर्नलने चमचा खाली ठेवला आणि एसटीला करतात तसा छताकडे बघून हात केला. कुठलंही विमान गेलं तरी त्याची आई त्या विमानाला असा हात करते, दुभाष्याने सांगितलं.

माझी आईही हेच करायची. इथे मालवणात आमच्या घरी विमानाचा आवाज आला की, मुलगा चालला म्हणून, ती वाळत घातलेले बांगडे तसेच सोडून अंगणात धावायची. "माजो झील चल्लो बघ गो!" शेजारीण हसायची, "अगो, ह्या मुंबयचा इमान. तुजो झील खंय ह्येच्यात?" आईचा हात मात्र विमान दिसेनासं होईपर्यंत वरच.

मीही छताकडे हात केला. दुभाषी आम्हा दोघांकडे बघत राहिला. भाषांतर करण्यासारखं काही नव्हतंच.

आता या घरात मी एकटाच असतो. चिपीच्या विमानतळावर उतरणारं विमान माडांवरून जातं, तेव्हा अंगणात माझाही हात वर जातो. त्यात आपलं कोणी नाही, हे मला पक्कं ठाऊक असतं.

आईलाही ते ठाऊक असणार.