साहेबांचा संप आणि आमचा

साहेब लोकांची पण युनियन असते, हे मला लंडनला येऊन कळलं. एम्बसीत नोकऱ्या करणारे, आज या देशात तर उद्या त्या देशात, असे साहेब. एका मोठ्या बिल्डिंगमध्ये त्यांचं ऑफिस होतं आणि तळमजल्यावर त्यांच्या युनियनची खोली. आम्ही बाया ती बिल्डिंग साफ करायचो. पगार द्यायची क्लीनिंगची कंपनी, साहेब लोक नाही.

ईलिंगहून पहाटेची बस पकडायची आणि ते यायच्या आत टॉयलेटं उरकायची. माझ्या जोडीला कोलंबियाची एक बाई होती. तिचं इंग्लिश मोडकं, माझं त्याहून मोडकं, म्हणून आमचं बरं जमायचं. मी तिला ताई म्हणायची, ती मला मम्मा.

युनियनचा जो मोठा साहेब, तो गोरा, पण दिल्लीला राहून आलेला. मी दिसले की मॉप धरलेल्या माझ्या हाताकडे न बघता नमस्कार करायचा. "नमस्ते मौसीजी." हिंदी माझ्यापेक्षा चांगलं. मला बरं वाटायचं, खोटं कशाला सांगू.

एका हिवाळ्यात त्यांनी संप केला. पगार वाढत नाही, नको त्या देशात पाठवतात, तिथं हाल होतात. कुठल्या तरी गावी महिनोन्महिने लाइट जायची म्हणून एक मॅडम सांगत होती. बॅनर धरून, शिट्ट्या फुंकत सगळे गेटवर उभे. आम्ही दोघी आलो तर मोठा साहेब पुढे आला.

"मौसीजी, आज अंदर मत जाइए. यह पिकेट लाइन है."

मी म्हटलं, "साहेब, मला नका शिकवू."

माझा बाप मुंबईला म्युनिसिपालटीत झाडूवाला. मी चौथी शिकले, पण संप काय आणि संपवाल्यांची रांग ओलांडून आत जायचं नाही, ते त्याच्या आधीच शिकले. एका संपात आमच्या चाळीतला एक जण मागच्या गल्लीनं गुपचूप कामावर गेला. माझी आई मरेपर्यंत त्याच्याशी बोलली नाही. त्याच्या पोरीच्या लग्नाला गेली, जेवली, पण त्याच्याशी बोलली नाही.

तर आम्ही दोघी परत फिरलो. कंपनीनं आमचा तो दिवस कापला. दुसऱ्या दिवशी मी थर्मास भरून चहा नेला आणि डबाभर बटाटेवडे. साहेबानं उभ्यानं तीन खाल्ले. म्हणाला, "मौसीजी, यह एहसान हम नहीं भूलेंगे." ताई म्हणाली, "मम्मा, गुड मॅन." मी पण म्हटलं, गुड मॅन.

उन्हाळ्यात ताई ओल्या जिन्यावर घसरली. मनगट मोडलं. कंपनीनं सांगितलं, हात बरा झाला तरी येऊ नकोस, आता जिने मम्मा एकटी करेल. तिच्या जिवावर तिकडे म्हातारी आई आणि दोन भाचरं. ती रडली नाही. प्लास्टर घातलेला हात मांडीवर ठेवून बसून राहिली नुसती.

मी तिला घेऊन साहेबाकडे गेले. त्यानं आम्हाला बसवलं, स्वतः कॉफी करून दिली. सगळं ऐकलं, मान हलवली. मी म्हटलं, "साहेब, कंपनीला एक फोन करा. तुमचं ते ऐकतील."

"देखते हैं, मौसीजी. मामला ज़रा नाज़ुक है."

"मग उद्या आम्ही गेटवर उभ्या राहणार. तुम्ही लोक आत जाणार नाही ना?"

त्यानं छातीवर हात ठेवला. "हम आपके साथ हैं."

नाही म्हणाला नाही. हो पण म्हणाला नाही. ते मला मागनं कळलं. ह्यांच्या धंद्यात हेच शिकवत असणार.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळ्या बाया खोक्याचे पुठ्ठे लिहून उभ्या राहिलो. साहेब आला, प्रत्येकीचा हात हातात घेतला, ताईच्या शेजारी उभं राहून फोटो काढून घेतला आणि कोपऱ्यावरून वळला. मला वाटलं, घरी गेला. पाठोपाठ बाकीचे पण आले, हसून वळून गेले. मी पोरींना म्हटलं, बघा, जाण आहे माणसांना.

ताई कोपऱ्यावरच्या कॅफेत लघवीला गेली होती. परत आली ती पांढरी पडून. "मम्मा. बॅक डोअर."

मी बघायला गेले. जिथं आम्ही कचऱ्याच्या पिशव्या टाकायचो तो मागचा दरवाजा. माझाच पिवळा बोर्ड, ओल्या फरशीवर ठेवायचा, तो दाराला अडकवून दार उघडं ठेवलेलं. कॉफीचे कप सांभाळत, अंग चोरून, कचऱ्याच्या बिनांच्या मधनं एकेक जण आत चाललेला. लाइट जायची सांगणारी मॅडम नाक दाबून होती. आणि मोठा साहेब दार धरून उभा. अदबीनं.

मला बघून तो गडबडला पण नाही.

"मौसीजी, टेक्निकली यह पिकेट लाइन नहीं है. आप लोग हमारे कर्मचारी नहीं हैं न."

"थंडीत मला गेटवर अडवलंत, तेव्हा मी कुणाची होते?"

"आप नाराज़ हैं. मैं समझ सकता हूँ."

आयुष्यभर लोकांची ओकारी पुसली, तुंबलेली संडासाची भांडी हातानं मोकळी केली, मला कधी किळस आली नाही. घाण आहे, धुतली की जाते. त्या दाराशी मला उमळून आलं. त्याच्या तोंडाला माझ्या वड्यांचा वास येतोय असं वाटलं.

दोन-तीन दिवसांत कंपनीनं दुसऱ्या बाया आणल्या. त्या पण त्याच दारानं आत गेल्या. ताईला काम मिळालं नाही. मला बोलावलं, जिने आणि सगळंच एकटीनं करशील तर ये म्हणून. मी चाव्या काउंटरवर ठेवल्या आणि आले. ताई आता ब्रिस्टलला एका हॉटेलात चादरींच्या घड्या घालते. मनगट पुरतं वळत नाही. रविवारी फोन करते, "मम्मा, ओके?" मी म्हणते ओके.

या थंडीत गुडघ्यासाठी डॉक्टरकडे जाताना त्याच गेटसमोर बस बदलायची होती. परत बॅनर, परत शिट्ट्या. साहेबानं मला ओळखलं. सह्यांचा कागद घेऊन धावत आला. "मौसीजी! कैसी हैं? आपका सपोर्ट चाहिए."

मी बोलले नाही. तोंडात थुंकी भरून आली होती. खाली बघितलं. फुटपाथ स्वच्छ झाडलेला, कडेला पानांचा नीट ढीग. कुणीतरी पहाटे येऊन केला असणार.

म्हणून गिळली. बस आली, मी चढले.